पदर सावरून पडायचं

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. शिवणाच्या डब्यात बटणं साठतात ना, तसं होतं. कपडे फाटून जातात, बटणं तेवढी उरतात. आमच्या बेंगळुरूच्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी दहा वर्षं कपडेपट सांभाळला, त्यामुळे माझा डबा गच्च भरलाय! मुळात मला एका जागी बसवत नाही, त्यातून नाटकातल्या त्या सोशिक बायका बघितल्या की पायाला मुंग्याच यायच्या. म्हणून मी विंगेत, तोंडात टाचण्या धरून, येरझाऱ्या घालत असायची.

*

पन्नास-साठच्या दशकांतली गोष्ट. तालमी व्हायच्या बेंगळुरूच्याच शिवाजीनगरला, दत्तूअण्णांच्या टेलरिंगच्या दुकानावरच्या खोलीत. अण्णांचं घराणं तीन-चारशे वर्षांपासून इथलं, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. मंडळाच्या नाटकांत वीस वर्षं सगळ्या नायिका त्यांनीच केल्या. पुढे मुली स्टेजवर येऊ लागल्या, तेव्हा बाई कशी असते हे मुलींना शिकवायचं कामही साहजिकच त्यांच्याकडे गेलं!

माझी मैत्रीण लीला रेडिओच्या फॅक्टरीत कामाला होती. बारीक तारांना कथलाचे डाग द्यायच्या सेक्शनमध्ये. तिला तालमीच्या पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडायचं होतं.

"स्वल्प थांब गं," अण्णा म्हणाले. "आधी पदर सावरायचा, मग हात कपाळाला, मग पडायचं. डावीकडे."

"अण्णा, मी एकदा खरंच चक्कर येऊन पडलेय. पदर कुठे होता देव जाणे. डोकं मात्र टेबलाच्या कडेवर होतं!"

"ते फॅक्टरीत. इथे लोक बघतात, अक्का."

*

मॅटिनीला आम्ही दोघी आणि लीलाची आई. पडद्यावरची सून सासूचा मार खात होती, नवऱ्याच्या चपला पुसत होती आणि मधूनमधून खोकत होती. खोकला सुरू झाला की आम्ही ओळखायचो, ही आता जाणार.

मी अस्वस्थ होऊन दोनदा बाहेर जाऊन आले. दोन्ही वेळा परत आले तर ती तिथेच रडत होती!

लीलाची आई डोळे पुसत म्हणाली, "बघ, किती सोसते पोर. तू हिच्या जागी असतीस तर?"

"तर पिक्चर इंटरव्हलच्या आधीच संपला असता, आई. मी पहिल्याच रिळात उलटं बोलले असते."

आई पुढे दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

*

मंडळाचं एक पुस्तकांचं कपाट होतं. त्यातल्या एका जाड कादंबरीची नायिका दीड पान नुसती वर्णनात उभी होती. डोळे, केस, मान, पाऊल. पुढे चारशे पानं ती झुरते, वाट बघते, पत्र छातीशी धरते. शेवटी भोवळ येऊन पडते.

त्या भोवळीशेजारी समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवलीस का? इथे शेजारीण भेटली की आधी हेच विचारते. आणि खरंच, मी पुस्तक पुन्हा चाळून बघितलं. चारशे पानांत ती बाई एकदाही जेवली नव्हती!

सेक्रेटरी देशपांडेसाहेब भडकले. कुणी लिहिलं याची चौकशी सुरू झाली. अण्णांची बायको फक्त म्हणाली, "कुणी का लिहिलेलं असेना, विचारलंय ते बरोबरच आहे की."

*

ह्या देशपांड्यांनी मग स्वतःच नाटक लिहिलं. नायिका शिकलेली. पहिल्या अंकात गॉगल लावून नोकरीला जाते. दुसऱ्या अंकात त्या पापाची फळं: दूध उतू जातं, मुलाला ताप येतो, नवरा स्वतःच्या हाताने पाणी घेऊन पितो. तिसऱ्या अंकात ती नवऱ्याच्या पायावर पडून म्हणते, "मी चुकले. मी नोकरी सोडते."

नायिका अर्थातच लीला.

तिने पहिल्याच वाचनाला विचारलं, "साहेब, ही ऑफिसात काम काय करते?"

"म्हणजे? पर्स घेते आणि जाते."

"हो, पण तिथे जाऊन काय करते?"

देशपांड्यांनी थोडा विचार केला. "परत येते!"

*

नायक होते बँकेतले जोगळेकर. पाठांतर असं की स्वतःचं एक अक्षर चुकायचं नाही. फक्त समोरचा काय बोलतोय हे त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नाही. एका प्रयोगात नायिकेची साडी दारात अडकली, ती आलीच नाही. जोगळेकरांनी रिकाम्या खुर्चीशी अख्खा प्रवेश केला, आणि शेवटी खुर्चीला म्हणाले, "तुझं हे मौनच मला सगळं सांगून गेलं!"

अण्णांचं बरोबर उलटं. पाठ एक ओळ नाही. सगळा भरवसा प्रॉम्प्टरवर. विंगेतून येईल ते हुबेहूब बोलायचं. एकदा प्रॉम्प्टरला शिंक आली, तर अण्णाही स्टेजवर शिंकले आणि नाजूकपणे पदराने नाक पुसलं. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे!

*

नाटकाच्या आधीच्या रविवारी लीलाला बघायला बेळगावचे लोक आले. मीही होतेच, शिऱ्याच्या बशा फिरवायला. मुलाच्या वडिलांनी बसल्या बसल्या सांगितलं, "एकच अट. लग्नानंतर नोकरी नको."

मुलाच्या आईने शिऱ्याची बशी हातात घेतली. ती म्हणाली, "पण फॅक्टरीत तू करतेस तरी काय, बाळ?"

झालं! लीलाने दहा मिनिटं तारा, कथिल, डाग कसा धरला तर टिकतो, सगळं सांगितलं. आपल्या हाताखाली नव्या सहा मुली शिकतात हेही सांगितलं. बाई बशी हातात धरून ऐकत राहिली. शिरा गार झाला.

"असो," वडील म्हणाले.

"असो काय, बाबा! आपल्या घरचा रेडिओ आता फुकटात दुरुस्त होईल," मुलगा म्हणाला आणि मोकळेपणी हसला. वडिलांनी बघितल्यावर मात्र लगेच गप्प झाला.

ते गेल्यावर लीला म्हणाली, "वत्सू, पंचाईत झाली. मुलगा आवडला."

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. तिला तो हवा होता आणि तिची ती नोकरीही हवी होती. दोन्ही हवं म्हणणारी बाई आम्ही तरी कुठल्या पुस्तकात वाचली होती?

मुलाकडून निरोप आला: शनिवारी आम्ही मंडळाचं नाटक बघू, अटीचं उत्तर त्यानंतर तिथेच द्या.

*

शुक्रवारी लीलाने भूमिका सोडली.

देशपांडे थयथयाट करायला लागले. ती शांतपणे म्हणाली, "तालमीत म्हटलं ते नाटक होतं. उद्या तिसऱ्या रांगेत ते लोक बसणार. तिथे मी 'नोकरी सोडते' म्हटलं की तो माझा शब्द झाला. मी म्हणणार नाही."

"मग आता नायिका कोण?"

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांचं वय पंचावन्न, गुडघे गेलेले. "सरी, करतो," ते म्हणाले. "पण मला वाक्यं कोण सांगणार?"

सगळं नाटक पाठ असलेलं माणूस एकच होतं. लीला!

मी रात्रीत ब्लाउज उसवून दुप्पट केला.

*

शनिवारी दोन अंक सुरेख झाले. अण्णांच्या गॉगलला टाळ्या पडल्या. विंगेत लीला वही घेऊन उभी, शेजारी मी टाचण्या घेऊन. तिसऱ्या रांगेत मुलगा, वडील, आई.

तिसरा अंक. अण्णा कण्हत खाली बसले, पदर डोळ्यांना लावला आणि कान आमच्याकडे केला.

लीला गप्प.

वाक्य तिच्या बोटाखाली होतं. अण्णांनी म्हणायच्या आधी ते प्रॉम्प्टरला म्हणावं लागतं, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं!

अण्णांनी एक हुंदका दिला. मग दुसरा. वीस वर्षांचा अनुभव, हुंदक्यांना तोटा नव्हता. पलीकडच्या विंगेतून देशपांडे हातवारे करत होते, पण अण्णांची त्यांच्याकडे पाठ होती. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं. माझ्या हातात टाचणी रुतली तेही मला कळलं नाही.

"लीले," मी म्हटलं, "काहीतरी बोल गं!"

तिने वही मिटली. आणि बोलली. कुजबुजत नाही, चांगलं खणखणीत.

"मी नोकरी सोडणार नाही."

अण्णांनी मान वर केली. क्षणभर विंगेकडे बघितलं. मग वीस वर्षांतल्या सर्वांत गोड आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हणाले, "मी नोकरी सोडणार नाही!"

आणि पदर आधी सावरून, डावीकडे, जोगळेकरांच्या पायांवर कोसळले.

जोगळेकरांनी दोन्ही हातांनी त्यांना उठवलं. डोळे भरून आलेले. पाठ केलेलं वाक्य, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"ऊठ! इतके दिवस हेच शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते!"

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. मी कडेने डोकं बाहेर काढलं. तिसऱ्या रांगेत मुलगा खो खो हसत होता. वडील हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. आणि मुलाच्या आईने त्यांच्याकडे पूर्ण वळून, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"ऐकलंत ना?"