आबांचं गाऱ्हाणं

शिक्षिकेची नोकरी लागून मी पुण्याला निघाले, तेव्हा रिक्षा पाणंदीत येऊन उभी होती आणि आबांचं गाऱ्हाणं काही संपत नव्हतं. आमच्या धामापुरात घरचं माणूस लांब निघालं की खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. माझे वडील, आबा, त्यात तरबेज. वाडीतले लोक आपल्या घरच्या कार्याला त्यांनाच बोलवायचे.

"बा देवा म्हाराजा, ह्यां माजां चेडू परमुलखात जाता हा, तेका सांबाळून घे."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"तेच्या हातून पोरांचां बरां होवंदे."

"व्हय म्हाराजा."

जेवणाखाणापासून पुण्याच्या थंडीपर्यंत सगळं त्यांनी देवाच्या कानावर घातलं. गाडी चुकेल म्हणून मी चुळबुळत होते.

पुण्यात मी पहिलीला शिकवते. एवढ्याशा मुलांचे शब्द वाढवायचे म्हणजे नुसती घोकंपट्टी नव्हे. माझ्याकडे एक कापडी पिशवी आहे. मुलाने न बघता आत हात घालायचा, वस्तू चाचपायची, नाव सांगायचं, मग तिचं काय करतात ते सांगायचं. नाव अडलं की पहिलं अक्षर मी पुरवते. गावाहून नेलेली करवंटी हाताला लागली तेव्हा एक पठ्ठ्या म्हणाला, "मॅम, डायनासोरचं अंडं." किवी मात्र तो झोपेतही ओळखेल. मग आठवडाभर त्याने त्या करवंटीने पाणी उपसलं, वाळू भरली, तेव्हा कुठे शब्द त्याचा झाला. वस्तू हातात आली की शब्द तोंडात येतोच, अशी माझी पक्की समजूत होती.

गेल्या गणपतीनंतर आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. आईने फोनवर सांगितलं, "पोरांका बोलूक शिकयतंस मा? मगे बापाशीक शिकय."

दिवाळीच्या सुट्टीत पिशवी घेऊन घरी गेले. आबांनी डावा हात आत घातला. सुपारी लागताच डोळे चमकले, अडकित्त्याने कातरण्याची खूणसुद्धा केली. "सु..." मी म्हटलं. ओठ हलले. "त... त..." एवढंच. रोज बसायचो आम्ही. खरं सांगायचं तर मला सुपारी नकोच होती, मला "बाय" हवं होतं. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, कायम बाय म्हणायचे. एका दुपारी त्यांनी पिशवी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून रडले. वर्गात मूल रडलं तर मी जवळ घेते. बापाला कसं घ्यायचं, ते मला येत नव्हतं.

निघायच्या दिवशी आईने सवयीने खळ्यात नारळ ठेवला. आबा मागे खुर्चीत. बोलणार कोण?

"तू घाल गो," आई म्हणाली.

दिवसभर वर्गात बडबडणारी मी नारळापुढे हात जोडून उभी राहिले. कसंबसं म्हटलं, "बा देवा म्हाराजा, माज्या आबांका तेंचे शब्द परत दी."

"व्हय म्हाराजा."

आबा बोलले होते. स्वच्छ, खणखणीत, पहिल्यासारखं. आई तोंडाला पदर लावून उभी राहिली. मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. "आबा, बाय म्हणा. एकदाच." ते माझ्याकडे बघत राहिले. "त... त..." डॉक्टर नंतर म्हणाले, वर्षानुवर्षांच्या सवयीचं बोलणं कधी कधी असं शिल्लक राहतं, त्यावरून बाकीचं येईल असं धरून चालू नका.

तुम्ही गावी मागे राहिलात किंवा माझ्यासारखे निघून आलात, तुमचं घर कशात उरलंय मला ठाऊक नाही. कुणाचं आंब्याच्या पेटीत असेल, कुणाचं तळ्याच्या काठावर. माझं त्या दोन शब्दांत आहे. दर रविवारी संध्याकाळी आई फोन आबांच्या कानाशी धरते आणि मी इथून गाऱ्हाणं घालते. मागणं तेच. कधी उत्तर येतं, कधी येत नाही.

गेल्या रविवारी मी मागितलं आणि थांबले. बराच वेळ त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग आईच हळू आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."