शेवटाकडून पाहिलेली मालिका

शुभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याहून, लेकीकडून परतत होते आणि आमची बस घोडबंदर रस्त्यावर चेणे आणि वरसाव्याच्या मध्ये नेहमीसारखी अडकून पडली होती. फोन हंसाबेनचा होता. त्या नुसत्याच "नीताबेन... नीताबेन..." करत राहिल्या आणि मला कळायचं ते कळलं. आदल्या संध्याकाळीच मी दवाखान्यात जाऊन आले होते. तोंडावरचा मास्क बाजूला सारून शुभाताईंनी विचारलं होतं, "तो नवा सिनेमा पाहिलास ना? कसा वाटला?" मी म्हटलं, "छान होता." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "छान पोहे असतात, नीता. सिनेमाबद्दल बोल." तेवढ्यात नर्स आली आणि मला बाहेर जावं लागलं. त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं हे असं झालं, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटत नाही. दुसरं काही त्या बोलल्या असत्या तरच मी घाबरले असते.

परळची खोली विकून शुभाताई मीरा रोडला आल्या त्या आमच्या समोरच्याच दारात. मुलगा पुण्यात, घरात त्या आणि भावोजी, म्हणजे त्यांचे यजमान. शनिवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये आमचं थिएटर भरायचं. त्या, तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन आणि मी. भावोजी कोपऱ्यात पेपर तोंडासमोर धरून बसत, पण पान कधी उलटायचे नाहीत. शुभाताईंना समीक्षा वगैरे शब्दांचा कंटाळा. त्या आपल्या साध्या घरगुती नजरेनं बघायच्या आणि तिथल्या तिथे निकाल लावायच्या. "ही सगळी माणसं स्वयंपाकघरात येऊन भांडतात, पण गॅस कुणी बारीक करत नाही." "त्या आईला नुसतं रडायला ठेवलंय. भाजी निवडायला दिली असती तर किती चांगलं काम केलं असतं तिनं!" भाईंदर गावातून मासे घेऊन येणारी जनाबाईसुद्धा पाटी उतरवता उतरवता विचारायची, "बाय, या शनवारचा बरा हाय का न्हाय?" मग पापलेट राहायचं बाजूला आणि दारातच अर्धा तास कथा रंगायची. एवढं ऐकून जनाबाई शेवटी म्हणायची, "मंग न्हाय बघत, जा!" आणि रात्री बघायचीच.

गेल्या वर्षी आमच्या हातून एक घोटाळा झाला. एका किनाऱ्यावरच्या गावातल्या कुटुंबाची मालिका आम्ही लावली. टीव्हीनं सगळ्यात नवीन भाग पुढे केले, आम्ही तेच दाबले आणि बघत बसलो. त्यातले नवरा-बायको एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि ते का बोलत नाहीत हे कोणी सांगतच नव्हतं. शुभाताईंना वाटलं, दिग्दर्शक फार हुशार दिसतोय! बरेच भाग झाल्यावर हंसाबेनचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. "अरे शुभाबेन, ये तो तीसरा सीझन छे!" मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, आता पहिल्यापासून बघू. पण ताई हट्टाला पेटल्या. "अजिबात नाही. आता तिसरा, मग दुसरा, मग पहिला. लोकांना काळजी असते शेवटी काय होईल याची. आपल्याला काळजी, सुरुवात कशी झाली असेल याची. आणि बघ, ज्यांना आधी दमलेलं पाहिलं, त्यांच्यावर मग राग येत नाही." तिसरा संपला, दुसरा संपला. पहिला लावायच्या आधी ताईंना दवाखान्यात न्यावं लागलं.

त्या गेल्यावर भावोजी बोलायचे, पण फक्त दवाखान्याचं. ऑक्सिजन किती होता, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी पाणी मागितलं की नाही... मी डबा घेऊन गेले की तेच, हंसाबेन गेल्या की तेच. एकदा ते म्हणाले, "नीता, मला तिचा आजाराआधीचा चेहराच आठवत नाही गं. डोळे मिटले की नळ्याच दिसतात." मला रडू आलं, आणि रडू आलं की मी हुकूम सोडते. म्हटलं, "भावोजी, पहिला सीझन राहिलाय. शनिवारी आम्ही येतोय." हंसाबेनना धास्ती, दुःखाच्या घरात टीव्ही लावला तर लोक क्या बोलेंगे. बोलू देत म्हटलं, लोकांना तेवढीच करमणूक.

शनिवारी टीव्ही लावला. शेवटी अबोला धरलेली ती दोघं इथे विशीतली होती. ती धक्क्यावर उभी राहून त्याला झापत होती, बोट बांधायची ही पद्धत नव्हे म्हणून, आणि तो वेड्यासारखा तिच्याकडे बघत होता. कोपऱ्यातून आवाज आला म्हणून मी दचकून वळले. भावोजी हसत होते. हंसाबेननी टीव्हीचा आवाज बंद केला.

"लग्न ठरल्यावर आम्ही सिनेमाला गेलो होतो," ते म्हणाले. "अंबाडा घातला होता तिनं, अबोलीचा गजरा. दिवे गेले आणि हिची सुरुवात झाली. ही असं का बोलते, तो तसा का चालतो... तीन तास माझ्या कानाशी कुजबुज. मागचा माणूस दोनदा ओरडला. बाहेर आल्यावर मला म्हणते, अगदी टाकाऊ होता, नाही? मी म्हटलं, हो."

"और आपको कैसा लगा?" हंसाबेननी विचारलं.

भावोजी बंद आवाजाच्या पडद्याकडे बघत राहिले. चेहरा उजळला होता, डोळे भरले होते.

"मला?" ते म्हणाले. "मी कुठे बघितला सिनेमा? मी तिलाच बघत होतो... तेवढं सुंदर मी पुन्हा काही पाहिलं नाही."

मग त्यांनी पेपरची घडी घालून बाजूला ठेवली, खुर्ची आमच्याजवळ ओढली आणि म्हणाले, "लाव, नीता. आवाज मोठा कर जरा."