कालिओच्या अंतरावर

पायाकुम्बुहच्या रोस्मानियारबाईंना किलोमीटर कळत नसत असं नाही, पण त्यांचा किलोमीटरवर विश्वास नव्हता. गाव किती लांब, ते त्या कढईवरून ठरवत. नारळाच्या दुधात मांस शिजलं आणि रस्सा दाटसर राहिला की तो कालिओ. तोच आणखी आटवून काळा, कोरडा केला की रेंदांग. कालिओ दुसऱ्या दिवशी आंबतो, रेंदांग महिनाभर टिकतं. त्यामुळे शेजारचं बुकित्तिंगी कालिओच्या अंतरावर, जकार्ता रेंदांगच्या.

लेक नेल्फा नोकरीसाठी इस्तंबूलला गेली आणि तिथलीच झाली. जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर बाई तिला रेंदांग पाठवत. पण पोरीचा जीव कालिओत. लहानपणी चुलीपाशी ठाण मांडून, आटायच्या आत निम्मी कढई फस्त करायची. आता तिला दिवस गेले होते आणि फोनवर एकच रडगाणं चालू होतं.

"आमाक, मला ओलं हवंय. कोरडं खाऊन कंटाळले."

"किती लांब गं तुझं गाव?"

"जकार्ताहून बारा तास. एका झोपेत येशील."

बाईंची कळी खुलली. बारा तास म्हणजे कालिओचंच अंतर की! धाकट्या बहिणीने बजावलं, की घरापासून पाडांग, तिथून जकार्ता, शिवाय ताटकळणं, हे कोण मोजणार? बाईंनी कानाडोळा केला. बाळंतपणासाठी निघाल्या तेव्हा बॅगेत कोरडा मसाला होता आणि मांडीवर कालिओचा डबा.

जकार्ताच्या तपासणीत डबा अडला. रस्सा म्हणजे पातळ पदार्थ, हातातून नेता येणार नाही, असं तिथला तरुण शिपाई म्हणाला. बाई भडकल्या. हा कालिओ पातळ म्हणणाऱ्याने आयुष्यात कालिओ खाल्लेलाच नसणार, असं त्यांनी चार लोकांत सुनावलं. शिपाई पारियामानचा, म्हणजे बाईंच्याच मुलखातला निघाला. त्याचे कान लाल झाले.

"मावशी, घरी अजून थोडा आटवला असतात तर मी हसत सोडला असता," तो हळूच म्हणाला.

बाईंना रडूच कोसळलं. एवढ्या वर्षांनी लेकीने तोंड उघडून काही मागितलं होतं, आणि तेवढंही जमू नये! पण अन्न फेकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मागे फिरून त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, कुठून कुठून भात मागवला आणि सुट्टी झालेल्या सफाईवाल्या बायकांना पोटभर वाढलं. विमान जेमतेम मिळालं.

इस्तंबूलला नेल्फाने मिठी मारली आणि लगेच रिकामा डबा हलवून पाहिला. बाईंनी कोट काढला आणि तडक स्वयंपाकघर गाठलं. तिथल्या टिनबंद नारळाच्या दुधाला नावं ठेवत त्यांनी कढई चढवली. तेल सुटू लागलं तशी नेल्फा जड पोट सावरत ताटली घेऊन शेजारी उभी राहिली. बाईंनी सवयीने उलथनं फिरवलं, जरा थांबल्या, आणि गॅस बंद केला.

"आटवणार नाहीस?" नेल्फाने विचारलं.

"कशाला? आता कुठं लांब आहेस तू?"