बावन्नाव्या वर्षी पहिला डोस

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि सव्वीस वर्षं तो दाबून दाबून तिची उजवी पोटरी डावीपेक्षा चांगली दीडपट झाली होती. शिकणारा भित्रा असो नाहीतर आगाऊ, पहिल्या दिवशी ती एकच सांगायची, "तुम्ही नुसतं पुढे बघा. मरायचं नाही, एवढं माझ्याकडे लागलं."

तिने गाडी शिकवण्यात हात टेकले असा एकच माणूस होता, तिचा धाकटा भाऊ. तो काचवाला. लोकांच्या दारा-खिडक्यांना काचा बसवायचा आणि बसवता बसवता इतका बोलायचा की काच लागली तरी गिऱ्हाईक खिडकीतून हलायचं नाही. तिच्या गाडीतही तो स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी बोलला. तिसऱ्या दिवशी तिने त्याला भर चौकात खाली उतरवलं. तेव्हापासून तो सायकलवर फिरे आणि भेटेल त्याला सांगे, "शिकवता येत नाही हो तिला." तसं हे भांडण काही पहिलं नव्हतं. लहानपणी त्याला मांजराजवळ बसलं की शिंका यायच्या आणि ती म्हणायची, नाटकं करतो. तिथपासूनची परंपरा होती.

अशा या ब्रेकबाईला एकावन्नाव्या वर्षी एक मजला चढताना धाप लागायला लागली. अंगावर कुठेही निळे डाग उठायचे. दात घासताना रक्त यायचं. तपासणी झाली आणि रक्ताच्या डॉक्टरबाईंनी तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवलं. डॉक्टरबाई उंच, किडकिडीत, पायात कॅनव्हासचे बूट, आणि वाईट बातमी सांगतानाही डोळ्यांत बघणाऱ्या.

"हाडांच्या आत मज्जा असते, तिथे रक्त तयार होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा तो कारखाना बिघडलाय. रक्ताचा कर्करोग आहे. औषधांनी कारखाना रिकामा करायचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पेशी आणून नवा सुरू करायचा."

"कुणाच्याही?"

"छे! प्रत्येक पेशीच्या अंगावर खुणा असतात. पांढऱ्या पेशी त्या चाचपून ठरवतात, हा घरचा की बाहेरचा. बाहेरचा दिसला की तुटून पडतात. त्यामुळे तुमच्या खुणांशी जुळणाऱ्या खुणांचा माणूस पाहिजे. सख्ख्या भावंडाची जुळायची शक्यता चारांत एक. आहे कुणी?"

"एक आहे," ब्रेकबाई म्हणाली, "पण त्याचं माझं आजवर काहीच जुळलेलं नाही."

जुळलं. दहापैकी दहा खुणा जुळल्या. काचवाल्याला फोनवर हे कळलं तेव्हा तो शिडीवर होता. "दहापैकी दहा?" तो ओरडला. "ताई, मला शाळेत असे कधी मिळाले नव्हते गं!" आणि मग तिच्याआधी तोच रडला.

त्याला पाच दिवस इंजेक्शनं दिली, म्हणजे मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतराव्यात. त्याची हाडं ठणकली. सहाव्या दिवशी दोन्ही हातांत सुया घालून त्याला चार तास यंत्राला जोडलं. हात हलवायची बंदी. "त्या चार तासांत," ब्रेकबाईचा नवरा पुढे सांगायचा, "तो आयुष्यात पहिल्यांदा कमी बोलला." नवरा वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासायचा, म्हणजे शब्द मोजूनमापून बोलणारा माणूस; त्याचं खरं मानायला हरकत नाही.

ब्रेकबाईची खोली वेगळी होती. औषधांनी तिचे केस गेले होते, तोंडात फोड होते, आणि अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य, म्हणून कुणाला आत सोडत नसत. नर्सने ती लालभडक पिशवी टांगली. एवढीशी. तासाभरात रिकामीही झाली. फाइलीवर त्या दिवसाला 'दिवस शून्य' लिहिलं. बाहेर काचेपलीकडे भाऊ उभा होता. ब्रेकबाईला वाटलं, आता हा काहीतरी हृदय पिळवटणारं बोलणार. त्याने भिंतीवरचा फोन उचलला, तिला आतला उचलायला लावला आणि म्हणाला, "ताई, ही काच कुणी बसवलीय गं? कडेची पुट्टी बघ कशी थापलीय!"

तोंडातल्या फोडांनी हसणं म्हणजे शिक्षा होती. ती शिक्षा पुरेपूर भोगत ती हसली.

सोळाव्या दिवशी तपासणीत पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. भावाच्या पेशींनी हाडांत बिऱ्हाड केलं होतं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. आणि एक्केचाळिसाव्या दिवशी तिचे तळहात लालबुंद झाले, खाज सुटली, मानेवर पुरळ आला.

"नव्या पेशींना तुमचं अंग परकं वाटतंय," डॉक्टरबाई तळहात निरखत म्हणाल्या. "मोठ्या खुणा जुळल्या तरी बारीकसारीक फरक राहतातच."

"म्हणजे तो मला आतून मारतोय?"

"तसंच म्हणायचं. औषध देते, शांत होतील. पण हे अगदी सौम्य आहे आणि सौम्य असेल तर त्यात चांगलंही असतं. ज्या पेशी तुमच्या तळहाताशी हुज्जत घालताहेत, त्यांतल्याच काही कोपऱ्यात दडलेल्या कर्करोगाच्या पेशी हुडकून मारतात. थोडं भांडण चालेल मला."

ब्रेकबाईने लगेच भावाला फोन लावला. "ऐक, डॉक्टर म्हणतात थोडं भांडलास तर चालेल."

"चाळीस वर्षं मी काय वेगळं सांगत होतो!" तो म्हणाला.

पुरळ तीन आठवड्यांत गेला. केस आले, ते कुरळे आले. सातव्या महिन्यात रक्त तपासलं तर रक्तगट बी होता तो ओ झालेला. आता भावाचाच कारखाना, मग रक्तही त्याच्या गटाचं. ब्रेकबाई नियमांची पक्की. ती तडक लायसन्सच्या कचेरीत गेली, कारण लायसन्सवर रक्तगट छापलेला असतो.

"रक्तगट बदलत नसतो," खिडकीतला कारकून म्हणाला.

"माझा बदललाय."

"आधीचा चुकीचा होता असं लिहा."

"आधीचा बरोबर होता. आताचाही बरोबर आहे."

कारकुनाने डोकं खाजवलं. डॉक्टरबाईंचं पत्र दोनदा वाचलं. फॉर्मवर 'बदलाचे कारण' असा एक रकाना होता. त्यात त्याने बराच विचार करून, सुवाच्य अक्षरात लिहिलं: भाऊ.

वर्ष होत आलं तेव्हा आजारपणात शेजारणीकडे ठेवलेलं मांजर घरी आलं. त्याचं नाव बोनेट, कारण ते नेहमी गाडीच्या गरम बोनेटवर झोपायचं. ब्रेकबाईने त्याला उचलून छातीशी धरलं आणि तिला शिंक आली. मग दुसरी. अकरा शिंका झाल्या. डोळे टोमॅटोसारखे. आयुष्यभर मांजरं पाळलेली बाई! नवरा घाबरला. भाऊ मात्र दारातच बसला आणि मांडीवर थापा मारत हसला. "नाटकं करतेस होय गं?" तो म्हणाला. "नाटकं?"

हे ऐकून डॉक्टरबाईही हसल्या. "पेशी आल्या तेव्हा त्यांच्या खोडीही आल्या. मांजर हा शत्रू, ही त्यांची गैरसमजूत जुनीच आहे."

"मग भावाला लहानपणी दिलेल्या लसींचे धडे? तेही आले असतील की."

"थोडे येतात, पण टिकतील याचा भरवसा नाही. आणि तुमच्या स्वतःच्या ज्या पेशींना गोवर, डांग्या खोकला, धनुर्वात पाठ होता, त्या तर गेल्या. आता सगळं पहिल्यापासून. मंगळवारी लहान मुलांच्या विभागात जा."

"म्हणजे शिंका तेवढ्या राहिल्या आणि अभ्यास गेला!" ब्रेकबाई म्हणाली. "शंभर टक्के माझाच भाऊ."

मंगळवारी साडेनऊला लसीकरणाच्या खोलीत टोचून घ्यायला दहा जण होते. नऊ कुणाच्या तरी मांडीवर; दहावी मास्क लावून, नवरा आणि भाऊ यांच्या मधे. भिंतीवर हत्ती आणि बदकं. खुर्च्या बुटक्या, त्यामुळे ब्रेकबाईचे गुडघे हनुवटीला लागत होते. लस देणाऱ्या सिस्टर करड्या शिस्तीच्या होत्या. त्यांच्याकडे एकाच नमुन्याची कार्डं होती, आणि नियम म्हणजे नियम.

"जन्मतारीख?"

ब्रेकबाईने दिवस शून्यची तारीख सांगितली. सिस्टरने चष्म्यावरून पाहिलं, डॉक्टरबाईंची चिठ्ठी पाहिली, आणि तीच लिहिली.

"वजन?"

"चौसष्ट."

सिस्टरने टोपलीच्या काट्याकडे एकवार बघितलं आणि विचार सोडून दिला. "मान धरते का?"

"धरते," नवरा गंभीरपणे म्हणाला. "बहुतेक वेळा ताठच असते."

"हाक मारली की वळून बघते?"

"माझ्या हाकेला नाही बघत," भाऊ म्हणाला.

"दात?"

"अठ्ठावीस."

ब्रेकबाईला आतून हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. तिने ओठ घट्ट दाबले. शेवटी 'पालकाची सही' आली. नवऱ्याने पेन काढलं, तर भावाने ते वरच्यावर पळवलं. "सही मी करणार. रक्त माझं आहे!" "मी तिचा नवरा आहे." "एक वर्षाच्या मुलीला नवरा असतो का?" झालं. ब्रेकबाईला हसू आवरेना. मास्क फुगा होऊन आत-बाहेर करू लागला.

शेजारी सहा महिन्यांची मुलगी घेऊन एक तरुण आई बसली होती. तिने विचारलं, "तुमचं बाळ कुठंय?"

"मीच की!" ब्रेकबाई म्हणाली, आणि डोळे पुसत तिला सगळं सांगितलं.

"पण टोचून नेमकं होतं काय हो?" त्या आईने विचारलं. "मी इतक्यांदा येते, कुणाला विचारायचा धीर नाही झाला."

डॉक्टरबाईंकडून ब्रेकबाईने हे दहा वेळा वदवून घेतलं होतं. "सुईतून शत्रूची नुसती ओळख जाते," ती म्हणाली. "त्याचा एखादा तुकडा, नाहीतर मेलेलं रूप. अंगात पहारेकरी पेशी असतात, त्या तो तुकडा उचलतात आणि गाठींमध्ये नेऊन दाखवत सुटतात: याला कोण धरेल? तिथे लाखो पेशी बसलेल्या, प्रत्येकीची पकड वेगळ्या मापाची. बहुतेकींना तो बसतच नाही. एखादीला मात्र चपखल बसतो. ती मग स्वतःसारख्या हजारो करते. त्या लढतात, बऱ्याचशा मरतात, आणि थोड्या जन्मभर त्याची आठवण धरून बसतात. खरा शत्रू आला की तो पायातली चप्पल काढायच्या आत त्याला धरतात."

"एवढ्याशा पोरीच्या अंगात?" आईने आपल्या लेकीकडे असं बघितलं की जणू तिला आताच कुणीतरी हातात दिलं होतं.

तेवढ्यात पहिलं बाळ टोचलं गेलं. ते रडलं, म्हणून दुसरं रडलं, आणि बघता बघता नऊच्या नऊ बाळांनी खोली डोक्यावर घेतली. "दहा नंबर!" सिस्टर त्या गदारोळात ओरडल्या. ब्रेकबाईने बाही वर केली. एक सुई या दंडात, दोन त्या दंडात. तिसऱ्या सुईला तिच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि स्वतःच्याच आवाजाने ती पुन्हा जी हसत सुटली ती थांबेना. नवरा हसला, भाऊ हसला, तरुण आई हसली. मांडीवरची सहा महिन्यांची मुलगी रडता रडता मधेच थबकली, ब्रेकबाईच्या कुरळ्या केसांकडे टक लावून बघू लागली. करड्या सिस्टरनी कापूस घ्यायला म्हणून पाठ फिरवली, पण त्यांचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले.

संध्याकाळी दंड सुजला आणि अंग शंभरापर्यंत तापलं. नवऱ्याने धास्तावून डॉक्टरबाईंना फोन केला.

"छान!" त्या म्हणाल्या. "पेशी अभ्यासाला लागल्या."

भाऊ लगेच सायकल हाणत आला आणि दंडाला कान लावून बसला. "माझी पोरं," तो म्हणाला.

"माझ्या घरात राहतात, माझं खातात. माझी पोरं," ब्रेकबाई पडल्या पडल्या म्हणाली.

त्यानंतर दोन डोस झाले. रक्त पुन्हा तपासलं तेव्हा धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला सगळ्यांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होती. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे गोवर वगैरे, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर. पण डॉक्टरबाईंनी मास्क काढून बाजारात जायला परवानगी दिली. दीड वर्षात ती गर्दीत गेली नव्हती. ती शनिवारी बाजाराच्या ऐन मधोमध जाऊन उभी राहिली आणि चारी बाजूंनी धक्के खाल्ले. कांद्याच्या टोपलीमागच्या एका आजोबांनी तिच्या तोंडावर सणसणीत खोकून घेतलं. "माफ करा हं," ते म्हणाले. "अहो, राहू द्या," ती म्हणाली.

दोन दिवसांनी नाक वाहू लागलं. घसा धरला, अंग तापलं. घरात पळापळ झाली. नवऱ्याने बॅग भरली, भाऊ कामावरची अर्धी काच तशीच ठेवून आला. डॉक्टरबाईंनी तपासून नमुना घेतला आणि त्यांना परत पाठवलं. "साधी सर्दी आहे. बघू या पेशी काय करतात."

पहिले दोन दिवस तिने सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. तिसऱ्या दिवशी ताप गेला. चौथ्या दिवशी घसा मोकळा झाला. पाचव्या दिवशी सकाळी ती उठली, नाकाने खोल श्वास घेऊन पाहिला. एका नाकपुडीने घेतला, मग दुसऱ्या. मोकळा! तिने नवऱ्याला हलवून उठवलं.

"अहो, ऐका ना! मला सर्दी झाली होती!"

"माहितीये मला."

"आणि ती गेली! आपोआप गेली, बाकीच्यांची जाते तशी!"

आणि पलंगावरच उभी राहून तिने अंगाभोवती गुंडाळलेली चादर छताकडे उडवली.