दारातली मोहरी

लग्न होऊन मी ठाण्याला आले तेव्हा त्या घरात बघण्यासारखं एकच होतं. फाटकापासून पायरीपर्यंत पिवळ्या फुलांची एक ओळ उगवली होती. बाकी अंगणाची रया गेलेली. पावसाने धुपलेली जमीन, मोडक्या काठ्यांचं कुंपण, आणि मधोमध मातीचं वृंदावन. त्यातली तुळस तेवढी हिरवी होती. मार्गशीर्षाची थंडी पडली होती. बैलगाडीतून उतरता उतरता मी ती फुलं पाहिली आणि मनात म्हटलं, चला, या घरात कोणाला तरी हौस आहे.

हौस कोणालाच नव्हती. घरात माणसं दोनच, कचेरीत कारकून असलेले माझे यजमान आणि त्यांना लहानाचं मोठं केलेली त्यांची विधवा आत्या. यजमान बिजवर. त्यांची पहिली बायको आश्विनात बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि मार्गशीर्षात मी आले. आज एवढ्या घाईला कोणी नाक मुरडेल, तेव्हा कोणी मुरडलं नाही, माझ्या मामाने तर नाहीच. आईबापाविना वाढलेली भाची एकदाची उजवली गेली. मामी म्हणाली, "पदरी पडलं, पवित्र झालं." तिच्या पदरी काही पडलं नव्हतं, तेव्हा म्हणायला तिचं काय जात होतं?

घर मात्र नवं होतं. दोन खोल्या, ओटी आणि पुढे अंगण. भाड्याच्या खोलीत राहून, पोटाला चिमटा घेऊन यांनी आणि पहिलीने ते उभं केलं होतं. तिला त्यात एकच पावसाळा मिळाला.

तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, पण ती माझ्या गळ्यात होती. दुसरेपणाच्या नवरीला मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालावा लागतो, तसा माझ्याही मंगळसूत्राशेजारी घातला होता. नवं लुगडं नेसण्याआधी टाकाला हळदकुंकू लावायचं, गोडधोड केलं की आधी तिला दाखवायचं. तिचा मान ठेवला की ती त्रास देत नाही म्हणे. सकाळी तोंड धुताना तो गार टाक गळ्याला लागायचा आणि मी दचकायची. मग तिचाच राग यायचा, आणि मग मेलेल्या बाईवर रागावले म्हणून स्वतःचा.

घराची कळा अंगण सांगते, असं आमच्याकडे म्हणतात. मला ते अंगण बघवत नव्हतं. शिवाय संक्रांत जवळ आली होती. लग्नानंतरचं माझं पहिलं हळदीकुंकू. मामाच्या घरी मी नेहमी दुसऱ्यांच्या अंगणात रांगोळ्या काढल्या. हे अंगण माझं होतं. आळीतल्या बायका या फाटकातून आत याव्यात, ओटीवर टेकाव्यात, "छान ठेवलंस हो घर" म्हणाव्यात, एवढंच मला हवं होतं. तेवढं झालं असतं तर मी इथली झाले असते.

मी पदर खोचला. दूध घालायला बाळकुमहून एक बाई येत असे, तिला सांगून माती आणवली. ती आणि मी दोघींनी मिळून अंगण भिजवलं, चोपलं, शेणाने सारवलं. खाडीकाठचे पांढरे शिंपले तिनेच आणून दिले, ते मी तुळशीभोवती खोचले. वृंदावन सारवायला घेतलं तर त्याची एक बाजू आधीच गुळगुळीत होती, बोटांचे फराटे वाळलेले. बाकी तीन बाजू तशाच खडबडीत.

"ही बाजू पयल्या बायनं लिपली," ती बाई म्हणाली. "मंग तिचं पोट दुखाला लागलं गो."

मी उरलेल्या तीन बाजू सारवल्या. त्या बाजूला हात लावायचा धीर झाला नाही.

पिवळ्या फुलांवर माझा खास जीव. ती मोहरी आहे हे मला कळत होतं, कोणाची तरी पुडी सांडली असेल असं वाटलं. फाटकात तर इतकी दाट उगवली होती की पाय टाकायला जागा शोधावी लागे. बाहेर खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेलाही एखादं दुसरं रोप दिसायचं. मी ओळीला दोन्ही बाजूंनी विटा तिरप्या रोवल्या, गवत काढलं, विरळ होती तिथे दाट जागेतली रोपं आणून लावली, रोज पाणी घातलं. आत्याबाई माझ्या कुठल्याच कामाला बरं म्हणत नसत. शिंपल्यांना त्या "पोरखेळ" म्हणाल्या. पण मोहरीला पाणी घालताना पाहिलं की ओटीवरून म्हणायच्या, "घाल, घाल. फाटकापाशी अजून थोडं घाल."

मी किती हुरळले म्हणून सांगू! म्हातारी आता वळते आहे, असं मला वाटलं.

एका गोष्टीचा उलगडा मात्र होत नव्हता. तिन्हीसांजेला मी तुळशीपाशी दिवा लावला की फाटकाची कडी वाजायची. कोणीतरी उघडू बघतंय आणि मग थांबतंय, असं वाटायचं. मी बघायला जायची तर रस्ता रिकामा. वारा म्हणावं तर तुळशीचं पानही हललेलं नसायचं. आत्याबाई तेव्हा जपाला बसलेल्या असत. कडी वाजली की त्यांची माळ थांबायची आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायची. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला काही ऐकू येत नाही."

संक्रांत आली. मी अंगणभर रांगोळी घातली, हलव्याचे दागिने घालून नटले, तिळगूळ वाटीत काढून ओटीवर उभी राहिले. बायका आल्या. हसतमुखाने आल्या आणि फाटकाशी थांबल्या.

"या ना आत," मी म्हटलं.

"इथंच लाव हो कुंकू, पुष्कळ घरं घ्यायचीत अजून," एकजण म्हणाली. दुसरीला दिवस गेले होते, ती तर रस्त्याच्या पलीकडेच उभी राहिली. मी तबक घेऊन फाटकात गेले आणि मोहरीच्या अलीकडून हात लांब करून एकेकीला कुंकू लावलं. रांगोळी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी होती. तिच्यावर एक पाऊलसुद्धा उमटलं नाही.

शेजारच्या काकू तेवढ्या शेवटी मागे राहिल्या. माझे डोळे भरलेले त्यांना दिसले असावेत. म्हणाल्या, "अगं वेडे, ही कसली मोहरी ते तुला कोणी सांगितलं नाही? बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंत होते, ती घराकडे परत येते. म्हणून तिला पोचवून येताना वाटेवर मोहरी टाकतात. एकेक दाणा वेचल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही, तोवर उजाडतं. ती मोहरी ओलांडून कोण येईल बाई? आणि तू तिला पाणी घालतेस!"

कडी कोण वाजवत होतं ते मला त्या क्षणी कळलं, किंवा कळलं असं वाटलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीच्या मागोमाग संताप आला. तशीच आत जाऊन आत्याबाईंपुढे उभी राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं!"

"होतं," त्या म्हणाल्या. "दाणे रुजतील असं नव्हतं वाटलं. रुजले. मग तू पाणी घालायला लागलीस, म्हटलं देवच बुद्धी देतोय पोरीला. तुझ्याच जिवासाठी गं ते."

"ती इतकी वाईट होती का?"

आत्याबाईंनी माळ खाली ठेवली. "गुणाची होती. या घरावर फार जीव तिचा. म्हणूनच भीती. ज्यांना घर नकोसं असतं त्या कशाला परत येतायत?"

हे कचेरीतून आल्यावर मी ओटीवरच विचारलं, मोहरी कोणी टाकली? यांनी पगडी उतरवली, खाली बघितलं. म्हणाले, "मीच. खाडीवरच्या स्मशानापासून टाकत आलो. फाटकाशी आलो तेव्हा पुष्कळ उरली होती. माझ्याने पुढे होईना, म्हणून बहुतेक तिथंच ओतली, मुठीत राहिली ती पायरीपर्यंत सांडत गेली."

"माझ्यासाठीही टाकाल?"

"असं अभद्र बोलू नये."

'नाही' हा एकच शब्द मला हवा होता. तो त्यांच्या तोंडून आला नाही. चांगला माणूस होता, मला कधी कमी पडू दिलं नाही, पण तो शब्द काही आला नाही. मी गळ्यातला टाक हातात धरून बसले होते. तिला माझ्या गळ्यात घालून घरात आणलं होतं आणि तिनेच उभ्या केलेल्या घराच्या दारात मोहरी ओतून बाहेर ठेवलं होतं. आणि ते कुंपण मी पाणी घालून वाढवत होते. उद्या माझ्यावर ती पाळी आली तर मीही त्या रस्त्यावर दाणे वेचत बसणार होते, आतला माझा दिवा बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळी मोहरी उपटली. आत्याबाई ओटीवरून ओरडत होत्या, "अगं, काय करतेस, अगं करंटे!" मी मागे पाहिलं नाही. मुळांसकट काढून रोपं रस्त्यावरच्या गाईपुढे टाकली, जागा चोपली, सारवली आणि गौरीला काढतात तशी फाटकापासून पायरीपर्यंत आत येणारी पावलं काढली. मग वृंदावनाच्या तिच्या बाजूवरून पहिल्यांदा हात फिरवला. तिच्या बोटांच्या फराट्यांत माझी बोटं बसली.

रथसप्तमीला काकू पावलं चुकवत आत आल्या, ओटीवर टेकल्या. त्यांच्यामागे हळूहळू बाकीच्या येऊ लागल्या. मी फाटकाशी अबोली लावली, कुंपणाला जास्वंद. लोक वाट वाकडी करून अंगण बघायला येत. त्यानंतर कडी वाजली नाही असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण ती वाजायची. मी दिवा लावता लावता "या" म्हणायची आणि कामाला लागायची. आत्याबाईंची माळ थांबायचीच. त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत.

मला दिवस राहिले. माहेर नव्हतं, तेव्हा बाळंतपण याच घरात. पोट दुखायला लागलं ते सकाळी, दुपार कलली तरी सुटका नव्हती. सुईण गप्प झाली होती. आत्याबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांच्या अलवणाच्या पदराला मला एक गाठ दिसली. सुपारीएवढी, गच्च बांधलेली. त्यात काय आहे हे विचारायची गरज नव्हती.

मी त्यांचा पदर धरला. "आत्याबाई, मला बाहेर ठेवू नका हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाठीकडे. गाठ सुटेना, शेवटी त्यांनी ती दातांनी सोडली. आतली मोहरी त्यांनी खाटेशेजारच्या शेगडीत टाकली. ती तडतडली, खोलीभर धूर झाला, सुईण खोकायला लागली.

"जग," आत्याबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "आणि नाहीच जगलीस तर ये परत. कशीही ये. घर तुझं आहे. तुम्हा दोघींचं आहे."

दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. मी जगले. सुईण बाळाला न्हाऊ घालत होती, तुळशीपाशी आज दिवा कोण लावणार याची मला पडल्या पडल्या काळजी, तेवढ्यात आत्याबाईच उठून बाहेर गेल्या. उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी वात लावली. फाटकाची कडी वाजली.

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंचाच आवाज आला, "ये गं. मुलगी झाली."