मेल्याचं सोंग

माझा थोरला भाऊ, म्हणजे तुझ्या आईचा मामा, सिनेमात मरायचं काम करायचा. हसू नकोस, लिही. कुणाचा खून झाला, कुणी पाण्यात सापडलं, की चादरीखाली आमचा दादाच. सगळे त्याला मुडदा म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. छाती हलू द्यायची नाही, श्वास पोटानं घ्यायचा, ही त्याची विद्या.

त्याच्या जखमा रंगवायचा त्याचा जिवलग, रंगारी. दोघं एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे. रंग चढला की रंगारी त्याच्या तळपायाला गुदगुल्या करून बघायचा. दादा म्हणजे दगड. उलट दादानं करायला घेतल्या, तर बोट लागायच्या आधीच रंगारी लोळायचा.

रंगाऱ्याचं एकदा लग्न ठरलं, आणि मोडलं. कुणीतरी मुलीच्या बापाच्या कानात ओतलं की मुलाला क्षय आहे, रुमालावर रक्त पडतं. कुणी ते कळलं नाही. रंगारी दुसऱ्या दिवशी रंगाची पेटी घेऊन कामावर गेला. आणि दादाला तेव्हापासून त्याचाच संशय यायला लागला. मला कळेना, लग्न रंगाऱ्याचं मोडलं आणि संशय दादाला का? रंगाऱ्यानं चहा दिला, तर आधी त्यालाच घोट घ्यायला लावायचा. तो हसला तर का हसला, नाही हसला तर मनात काय शिजतंय.

मग दादाला पहिल्यांदाच बोलायचं काम मिळालं. चार वाक्यं बोलायची आणि मग मरायचं. आरशाशी, भांड्यांशी, माझ्याशी तीच वाक्यं. शूटिंगच्या दिवशी रंगाऱ्यानं गोंद लावून त्याला मिशी चिकटवली, आणि बघता बघता तोंड सुजून भोपळा. डोळे दिसेनात. डायरेक्टर कशाला थांबतोय? काम गेलं रंगाऱ्याच्या मावसभावाला.

"गोंद नेहमीचाच होता रे," रंगारी म्हणाला.

"नेहमीचा, तर आजच कसा चावला?"

दादानं गादी गुंडाळली नि माझ्याकडे आला. मावसभाऊ नेमका तिथं कसा, त्याला वाक्यं पाठ कशी, रोज तेच दळण. मलाही ते खटकायचं, खोटं कशाला बोलू? रंगारी दोनदा दारात येऊन गेला. दादा आतून म्हणायचा, सांग घरात नाही.

काही वर्षांनी रंगारी गेल्याचा निरोप आला.

"सोंग असेल," दादा म्हणाला. "मीच शिकवलंय त्याला."

मी त्याला ओढूनच नेलं. लोक उचलायच्या तयारीत, आणि हा त्याच्या पोटाकडे टक लावून उभा. कुणीतरी म्हणालं, आटपा आता. यानं चादर सारली आणि तळपायाला गुदगुल्या केल्या. आधी एका, मग दुसऱ्या. लोकांनी तोंडं फिरवली. रंगाऱ्याचा अंगठासुद्धा हलला नाही.

"एवढं याला जमलंच नसतं," दादा म्हणाला. "गेला खरा."

तशी खात्री झाल्यावर तो त्याच्या कानाशी वाकला. मी मागेच होते, ऐकलं.

"तो रुमाल मीच दाखवला रे तिच्या बापाला. तुझाच लाल रंग होता. तुझा संसार झाला असता, तर त्या खोलीत मी एकटा काय केलं असतं?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. गोंदाचं मात्र अजून कुणाला सांगता येत नाही. मावसभाऊ कोपऱ्यात रडत होता. त्याला स्वतःची झुपकेदार मिशी. दादा निघताना तिच्याकडेच बघत राहिला. ओढून बघतो की काय, म्हणून मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला.