विमान उजवीकडं ओढतंय

आमच्या ह्यांनी आयुष्यभर अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात माग दुरुस्त केले. माग कुठे बिघडलाय ते नुसतं ऐकून सांगायचे. मागल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, पाय परतला, उजवा हात मात्र पुरता परतला नाही. मग पलंगावर बसून ते माझ्या स्वयंपाकाच्या चुका काढायला लागले.

मुलाला कॉम्प्युटरवर विमान उडवायचा नाद आहे. खेळच तो, पण खऱ्यासारखा. त्यात जोडायची नवी प्रवासी विमानं काही लोक तयार करतात आणि विकायच्या आधी तपासायला देतात. तसं एक त्याच्याकडे आलं होतं. त्याने वडिलांना खुर्चीत बसवलं, विमान वळवायची दांडी उजव्या हातात दिली आणि म्हणाला, "अप्पा, ह्याच्या चुका काढा. आईच्या भाजीच्या बास झाल्या."

ते डाव्या हाताने वहीत वाकडंतिकडं लिहायचे. दारं लावली तरी दाराचा दिवा विझत नाही. चाकं आधी खाली येतात, आवाज मागनं येतो. मुलगा ते कळवायचा आणि विमान दुरुस्त होऊन यायचं. माणूस सकाळीच दाढी करून खुर्चीत बसायला लागला. एक खोड मात्र हटेना. उतरताना विमान उजवीकडं ओढतंय, असं त्यांनी तीनदा लिहिलं.

विमानवाल्यांनी कळवलं, असं दुसऱ्या कुणाला होत नाही. मुलाने काय ते ओळखलं. ह्यांना न सांगता त्याने कॉम्प्युटरमधून दांडीचा उजवीकडचा जोर कमी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी विमान धावपट्टीच्या मधोमध उतरलं.

"बघ, केलं की न्हाय दुरुस्त त्यांनी!" हे म्हणाले. शेजाऱ्यालाही हाक मारून दाखवलं.

मुलाने मला स्वयंपाकघरात खरं सांगितलं. "आई, तू बोलू नकोस. खचतील ते."

"मशीनबद्दल कधी खोटं बोलला न्हाय तो माणूस," मी म्हणाले. "त्यालाच फसवतोस व्हय?"

चहा घेऊन गेले आणि सांगून टाकलं. "विमानात खोड नव्हती. तुमच्या हातात हाय. पोरानं दांडी तुमच्या हाताजोगी केली."

त्यांनी वही मिटली. "म्हंजे मी उगंच लिहीत होतो. बंद करा ते."

मला राग आला. आमचं लग्न व्हायच्या आधी मी त्याच कारखान्यात मशीनवर सुताच्या कांड्या भरायला लागले होते. माझा हात मशीनला पुरायचा नाही. ह्यांनी कुणाला न विचारता एक फळी आणून माझ्या पायाखाली ठोकली होती.

"तवा माझ्या पायाखाली फळी ठोकलीत," मी म्हणाले. "म्हणून माझ्या कांड्या खोट्या होत्या का?"

त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"चार बोटं जाड होती," ते म्हणाले. "लई बुटकी होतीस."

"अजून हाय की."

मग वही उघडली. तीनही नोंदींवर काट मारली आणि खाली लिहिलं, खोड हाताची, विमानाची न्हाई. मुलाला हाक मारून वही दिली. "आसंच कळव. एक अक्षर बदलू नको."

तो दांडी पहिल्यासारखी करायला वाकला, तसा ह्यांनी डाव्या हाताने त्याचा हात धरला.

"फळी राहू दे," म्हणाले.